जॉन फॉन नॉयमन
जॉन फॉन नॉयमन (२८ डिसेंबर, १९०३ – ८ फेब्रुवारी, १९५७) हे हंगेरीत जन्मलेले अमेरिकन गणितज्ञ व खेळ सिद्धांताचे प्रवर्तक होते.

त्यांचा जन्म बुडापेस्ट येथील सधन ज्यू कुटुंबात झाला. १९२६ साली त्यांनी बुडापेस्ट विद्यापीठातून गणितातील डॉक्टरेट मिळविली. १९३३ पासून ते प्रिन्स्टनच्या प्रगत अध्ययन संस्थेत प्राध्यापक होते.

१९२८ साली त्यांनी मिनिमॅक्स प्रमेय सिद्ध केले. एकाचा लाभ तीच दुसऱ्याची हानी, अशा दोघांच्या खेळाला ते लागू पडते. खडा नेहमी उजव्याच मुठीत लपविणाऱ्याचा डाव प्रतिस्पर्धी लवकरच ओळखतो; कोणताही क्रम न ठेवता दोन्ही मुठी सारख्याच प्रमाणात वापरल्यास त्याला सरशी साधता येत नाही. १९४४ साली ऑस्कर मॉर्गेनस्टर्न यांच्यासह लिहिलेल्या ग्रंथात त्यांनी अनेक खेळाडूंच्या युतींचाही विचार केला.

दुसऱ्या महायुद्धात त्यांनी अणुबाँबच्या निर्मितीत भाग घेतला. १९४५ च्या त्यांच्या अहवालात आज्ञावली व माहिती एकाच स्मृतीत साठविणाऱ्या संगणकाची रचना मांडली होती. गणकयंत्रांच्या अभ्यासासाठी परदेशी गेलेले दामोदर धर्मानंद कोसंबी १९४९ साली प्रिन्स्टनला असताना त्यांची नॉयमन यांच्याशी चर्चा झाली.

कर्करोगाने वॉशिंग्टन येथे त्यांचे निधन झाले. परस्परांच्या चाली ओळखून निर्णय घेणाऱ्या, अनेक स्वायत्त घटकांच्या आजच्या कृत्रिम बुद्धिमत्ता प्रणालींच्या अभ्यासात खेळ सिद्धांत व संगणक हे त्यांचे दोन्ही वारसे एकत्र येतात.