बाबेनबर्ग घराण्याचा अखेरचा ड्यूक

ऑस्ट्रिया म्हटले की हाब्सबुर्ग घराण्याचे नाव प्रथम आठवते. त्यांच्यापूर्वी मात्र इ. स. ९७६ पासून २७० वर्षे या भूमीवर बाबेनबर्ग घराण्याची सत्ता होती. त्या घराण्याचा अखेरचा सत्ताधीश म्हणजे ड्यूक दुसरा फ्रेडरिक. इतिहासात तो ‘भांडखोर’ या उपनामाने ओळखला जातो.

१२३० मध्ये पिता सहावा लिओपोल्ड इटलीत मरण पावला, तेव्हा फ्रेडरिक अवघ्या एकोणीस वर्षांचा होता. ऑस्ट्रिया आणि स्टायरिया हे दोन समृद्ध प्रदेश त्याच्या हाती आले. त्याने आरंभीच स्वतःच्या सरदारांचे बंड मोडून काढले. पुढे बोहेमिया, बव्हेरिया आणि हंगेरी या शेजाऱ्यांशीही वैर ओढवून घेतले. १२३६ मध्ये त्याच्याच नावाच्या सम्राट दुसऱ्या फ्रेडरिकने त्याला बहिष्कृत केले. व्हिएन्नाही हातचे गेले. वीनर नॉयश्टाट या नगराच्या आश्रयाने तो तग धरून राहिला आणि सम्राट इटलीतील युद्धात गुंतताच त्याने आपला मुलूख परत मिळवला.

१२४१ मध्ये मंगोलांकडून पराभूत झालेला हंगेरीचा राजा चौथा बेला त्याच्याकडे आश्रयाला आला. फ्रेडरिकने त्या संकटाचा लाभ उठवून त्याच्याकडून धन उकळले आणि तीन सीमावर्ती परगणे तारण म्हणून घेतले. हा अपमान बेला विसरला नाही.

याच ड्यूकने १२४४ मध्ये ज्यू प्रजेच्या जीविताला, मालमत्तेला आणि प्रार्थनास्थळांना संरक्षण देणारी सनद काढली. पुढे हंगेरी, बोहेमिया आणि पोलंड येथे तिच्या धर्तीवर सनदा निघाल्या. हंगेरीत ती १२५१ मध्ये काढणारा राजा बेलाच होता.

१२४५ मध्ये ऑस्ट्रियाला राज्याचा दर्जा देण्याविषयी सम्राटाशी बोलणी झाली. त्यासाठी ड्यूकची पुतणी गर्ट्रूड हिचा विवाह सम्राटाशी व्हायचा होता. परंतु धर्मबहिष्कृत सम्राटाशी लग्न करण्यास तिने नकार दिला आणि राजमुकुट दुरावला.

१५ जून १२४६ रोजी लाइटा नदीकाठी हंगेरीच्या सैन्याशी लढताना फ्रेडरिक मारला गेला. त्याच्या सैन्याची सरशी झाली, पण घराणे संपले. दोन विवाह होऊनही त्याला अपत्य नव्हते आणि वारस नेमलेला नव्हता. नव्वद वर्षांपूर्वीच्या, ११५६ च्या शाही सनदेने ड्यूकच्या मुलीलाही वारसाहक्क दिला होता. येथे मात्र मागे उरल्या होत्या बहीण मार्गारेट आणि पुतणी गर्ट्रूड. त्यांचा हात मागणाऱ्यांची खरी नजर सिंहासनावर होती. बोहेमियाच्या ओटोकारने १२५२ मध्ये वयाने कितीतरी मोठ्या मार्गारेटशी विवाह करून आपला दावा पक्का केला.

१२७८ मध्ये रूडोल्फ हाब्सबुर्गने ओटोकारचा पराभव केला आणि १२८२ मध्ये ऑस्ट्रिया आपल्या पुत्रांना दिले. ती सत्ता १९१८ पर्यंत टिकली. शेजाऱ्यांशी आयुष्यभर झगडून फ्रेडरिकने राखलेली भूमी अशा रीतीने परक्या घराण्याच्या वैभवाचा पाया ठरली. हायलिगनक्रॉइत्सच्या मठात त्याची समाधी आहे.