राजर्षी शाहू महाराज आणि सरकारी कचेरीतील खुर्ची

राजर्षी शाहू महाराजांचे नाव ऐकले नाही असा विद्यार्थी आपल्या शाळांतून सापडणार नाही. 26 जूनला त्यांची जयंती साजरी होते, त्यांच्या वसतिगृहांविषयी, कुस्तीच्या नादाविषयी आणि राधानगरीच्या धरणाविषयी भाषणे होतात. परंतु सरकारी कचेरीतील खुर्चीवर कोणी बसावे या प्रश्नाला या राजाने जो हात घातला, त्याची हकीकत विद्यार्थ्यांनी आणि त्याहूनही अधिक पालकांनी नीट समजून घेण्यासारखी आहे.

अलोरे गावाहून शिरगाव, पोफळीवरून कुंभार्ली घाट चढला की पाटण, कऱ्हाडमार्गे कोल्हापूर गाठता येते. वाट ओळखीची आहे. याच वाटेवर कोयना प्रकल्प आला, अलोऱ्यात त्याच्या कचेऱ्या आणि वसाहत उभी राहिली, आणि परजिल्ह्यांतले ओव्हरसीयर, कारकून, वायरमन आपल्या दाराशी राहावयास आले. सरकारी नोकरी म्हणजे काय, तिचा महिन्याचा पगार, क्वार्टर आणि निवृत्तीनंतरचे पेन्शन हे सारे येथील माणसाने जवळून पाहिले. तरी आपल्या मुसलमान घरांची नजर पूर्वापार समुद्राकडे लागलेली. आधी जहाज, मग आफ्रिका, मग मुंबई आणि 1970 नंतर आखात. त्या कमाईने घरे उभी राहिली, बहिणींची लग्ने झाली, हे कोण नाकारील? पण तहसील कचेरीत, ठाण्यावर, पाटबंधारे खात्यात आपला माणूस दिसत नाही अशी तक्रारही त्याच घरांतून ऐकू येते. म्हणून ही चरित्रकथा.

महाराजांचा जन्म 26 जून 1874 रोजी कागलच्या घाटगे घराण्यात झाला. मूळ नाव यशवंतराव. कोल्हापूरचे चौथे शिवाजी महाराज 1883 च्या डिसेंबरात अहमदनगरच्या किल्ल्यात, इंग्रजांच्या नजरकैदेत असता वारले. त्यांच्या राणीसाहेब आनंदीबाई यांनी 17 मार्च 1884 रोजी यशवंतरावांना दत्तक घेतले आणि दहा वर्षांचाही न झालेला हा मुलगा शाहू छत्रपती झाला. पुढे राजकोटच्या राजकुमार कॉलेजात आणि नंतर धारवाडास फ्रेजर नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याच्या हाताखाली त्यांचे शिक्षण झाले. 2 एप्रिल 1894 रोजी राज्यकारभाराची सूत्रे त्यांच्या हाती आली, तेव्हा त्यांचे वय वीसही नव्हते.

तरुण राजाने आपल्या कचेऱ्यांत कोण बसले आहे ते पाहिले. सामान्य प्रशासनातील 71 अधिकाऱ्यांपैकी 60 ब्राह्मण होते. कारकुनी कामाच्या सुमारे 500 जागांपैकी ब्राह्मणेतरांकडे होत्या अवघ्या 10. संस्थानात राहणारी रयत मात्र मराठे, कुणबी, धनगर, जैन, लिंगायत, मुसलमान, महार, मांग, चांभार अशा अठरापगड जातींची. शेतसारा भरणारा एक आणि पावती फाडणारा दुसराच, असा हा प्रकार होता.

त्या 60 जणांनी कोणाची जागा बळकावली होती असे म्हणता येणार नाही. लिहिणेवाचणे ज्या घरांत पिढ्यान्पिढ्या होते, त्या घरांतून कारकून तयार होत. एक कारकून पुतण्याला उमेदवार म्हणून आणी, पुतण्या मेहुण्याला आणी. शिवाय गावची कामे वतनाने चालत, म्हणजे बापाचे काम मुलाकडे. आपणही या बाबतीत फार सोवळे नाही. आपल्यातली काझी, मुकादम, देशमुख, खतीब ही आडनावे पाहा. ही एके काळच्या हुद्द्यांचीच नावे आहेत, आणि ते हुद्देही जन्मानेच चालत आले. हुद्दा गेला, आडनाव तेवढे राहिले.

महाराजांनी प्रथम एकेक माणूस शोधून पाहिला. उच्च शिक्षण घेतलेले भास्करराव जाधव यांना त्यांनी 1895 साली संस्थानच्या नोकरीत आणले. जैन समाजातील अण्णासाहेब लठ्ठे काही काळ शिक्षण खात्यात होते, पुढे ते कोल्हापूरचे दिवाण झाले आणि 1937 साली मुंबई प्रांताचे अर्थमंत्रीही. (मधल्या काळात महाराजांशी बेबनाव होऊनही या लठ्ठ्यांनीच महाराजांचे मोठे इंग्रजी चरित्र लिहिले, हे दोघांनाही शोभणारे आहे.) पण अशी माणसे बोटांवर मोजण्याइतकी. जागा द्यावयाची म्हटले तरी ती घेणारा शिकलेला मुलगा हवा, आणि खेड्यातला मुलगा कोल्हापुरास शिकावयास आला तर त्याने राहावे कोठे, जेवावे कोठे? येथे महाराजांचे लक्ष खुर्चीवरून भाकरीवर गेले. 1901 साली व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग निघाले, त्याच साली जैनांचेही निघाले.

त्यानंतर 1902 साल उजाडले. सातव्या एडवर्ड बादशहाच्या राज्यारोहणासाठी महाराज इंग्लंडात गेले होते. ते तिकडे असतानाच, 26 जुलै 1902 रोजी, करवीर सरकारच्या गॅझेटात तो प्रसिद्ध हुकूम छापून आला. त्या तारखेनंतर रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी निम्म्या जागा मागासलेल्या वर्गांच्या माणसांनी भराव्यात, असा त्याचा आशय होता. सर्वांना तेवढाच भाग पाठ असतो. पण हुकुमातील बाकीची कलमेही मोलाची आहेत. ज्या कचेरीत मागासलेल्यांचे प्रमाण निम्म्याहून कमी असेल, तेथील पुढची जागा त्यांच्यातूनच भरावी, असे त्यात होते. आणि प्रत्येक खात्याच्या प्रमुखाने दर तीन महिन्यांनी, कोणाकोणाच्या नेमणुका केल्या त्याचे पत्रक सरकारात पाठवावे, असेही होते. हुकूम काढून स्वस्थ बसणारे राजे पुष्कळ झाले. दर तिमाहीला हिशेब मागणारा हा राजा निराळा.

मागासलेला कोण, हेही त्या हुकुमाने मोघम ठेवले नाही. ब्राह्मण, प्रभू, शेणवी, पारशी आणि अन्य पुढारलेले वर्ग सोडून बाकी सर्व. या व्याख्येत मराठ्याबरोबर महार आला, लिंगायताबरोबर मुसलमान आला. त्या वेळी संस्थानचे दिवाण रघुनाथराव सबनीस होते आणि ते स्वतः प्रभू ज्ञातीचे. आपल्याच दिवाणाच्या जातीला सवलतीतून वगळणारा हुकूम त्याच दिवाणाच्या कारकिर्दीत अमलात आला!

टीका व्हावयाची ती झालीच. लायकी पाहून जागा द्यावी, जात पाहून देऊ नये, हा मुख्य आक्षेप. तो आजही होतो, आणि तो सरसकट हेटाळणीने उडवून लावण्यासारखा नाही, कारण दवाखान्यात आणि धरणावर काम जाणणारा माणूस हवा हे कोणालाही पटेल. सांगलीचे वकील अभ्यंकर यांनी हाच मुद्दा महाराजांपुढे काढला, तेव्हा महाराजांनी त्यांना घोड्यांच्या पागेत नेले, अशी एक गोष्ट कोल्हापुराकडे सांगितली जाते. नेहमी प्रत्येक घोड्याच्या तोंडाला चंदीचा वेगळा तोबरा बांधला जाई. त्या दिवशी सारी चंदी एकाच जाजमावर ओतून सगळी घोडी मोकळी सोडली. दांडग्या घोड्यांनी चंदी फस्त केली, अशक्त आणि शिंगरे लाथांच्या भयाने लांब उभी राहिली. गोष्ट घडली तशीच सांगितली जाते की पुढे तिच्यावर रंग चढला, कोण जाणे. पण घराघरांत टिकून राहिली एवढे खरे. माझ्या मते आक्षेपाचे खरे उत्तर या गोष्टीत नसून बोर्डिंगात आहे. लायकी नाही म्हणता? मग लायकी तयार करू, असे महाराजांनी कृतीने दाखविले. 1912 पर्यंत 95 अधिकाऱ्यांपैकी 60 ब्राह्मणेतर झाले होते. उरलेले 35 ब्राह्मणच होते. कोणास हाकलून दिले नव्हते. जागा रिकाम्या होत गेल्या तशा भरल्या गेल्या.

आता आपल्याशी निगडित भाग. मुसलमान समाजातून वसतिगृहासाठी कोणी पुढे येत नव्हते. महाराजांनी प्रथम काही मुसलमान मुलांना मराठा बोर्डिंगातच ठेवून घेतले. मग 1906 साली त्यांनी शहरातील प्रमुख मुसलमान मंडळींना एकत्र बोलावले, मोहामेडन एज्युकेशन सोसायटी स्थापन करविली आणि तिचे अध्यक्षपद स्वतः स्वीकारले. मुस्लिम बोर्डिंग निघाले ते असे. त्याला जागा आणि मदत दरबारातून मिळाली. एका हिंदू छत्रपतीने मुसलमानांच्या शिक्षणसंस्थेचे अध्यक्ष व्हावे, यात कोणाला आश्चर्य वाटेल. परंतु ज्यांच्या दरबारी उस्ताद अल्लादिया खाँ गात होते आणि आबालाल रहिमान चित्रे काढीत होते, त्यांना स्वतःला त्यात काही विशेष वाटले नसावे. कुराणशरीफचे मराठी भाषांतर व्हावे म्हणूनही त्यांनी खजिन्यातून पैसा दिला. कोल्हापूरकडचा मुसलमान घरातही मराठीच बोलतो हे त्यांना ठाऊक होते.

दाराची कडी काढून देणे राजाचे काम, आत पाऊल टाकणे आपले. पुढच्या शंभर वर्षांत ते पाऊल किती पडले? न्यायमूर्ती सच्चर यांच्या समितीने 2006 साली देशभरचे आकडे मांडले. 2001 च्या जनगणनेत मुसलमान लोकसंख्येच्या 13.4 टक्के, सनदी अधिकाऱ्यांत मात्र 3 टक्के आणि पोलीस सेवेतील वरिष्ठांत 4 टक्के. महाराष्ट्रात 2014 साली मुसलमानांतील मागास गटांसाठी 5 टक्क्यांचा वटहुकूम निघाला आणि त्याच वर्षअखेरीस रद्दबातल झाला. कचेरीत आपल्याला कोणी घेत नाही, ही तक्रार काही ठिकाणी खरी असेलही. पण स्पर्धा परीक्षेचा अर्ज भरण्याआधीच मुलाचा पासपोर्ट तयार करणारे घर आपल्यातच आहे, आणि मागास यादीतील आपल्या बिरादरींच्या किती मुलांनी वेळेवर जातीचा दाखला काढून ठेवला आहे, हेही विचारावयास हवे. मुलींचे तर अधिकच. त्यांना आखातात पाठवावयाचे नसते, गुण चांगले असतात आणि तरी बारावीनंतर पुस्तके माळ्यावर जातात.

महाराजांना हे दुखणे पालकांपर्यंत जाते हे कळले होते. 1917 साली त्यांनी संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचे केले आणि मुलाला शाळेत न धाडणाऱ्या पालकास महिना एक रुपया दंड ठेवला. त्या काळी रुपया म्हणजे थोडी रक्कम नव्हती.

दुसऱ्याच वर्षी, 1918 साली, त्यांनी गावोगावची कुलकर्णी वतने रद्द केली. खेड्यातल्या माणसाला सरकार म्हणजे कोण? जमिनीचा उतारा देणारा, पीकपाणी लिहिणारा, एवढेच. हे काम एकाच घराण्यात वंशपरंपरेने चालत होते. त्याजागी महाराजांनी पगारी तलाठी नेमले, त्यांना कामाचे शिक्षण दिले आणि त्या जागा सर्व जातींना, अस्पृश्य मानलेल्यांनाही, खुल्या केल्या. ज्याच्या सावलीचा विटाळ मानला जात होता, त्याच्यापुढे उभे राहून उतारा मागण्याची वेळ गावावर आली. विरोध केवढा झाला असेल याची कल्पना करावी. 1919 साली त्याहून पुढे जाऊन त्यांनी बजावले की दवाखान्यात, शाळेत, कचेरीत अस्पृश्यांना इतरांप्रमाणेच वागवावे. ज्या नोकराला हे मान्य नसेल त्याने सहा आठवड्यांत राजीनामा द्यावा, आणि अशास पेन्शन मिळणार नाही. खुर्चीवर कोण बसतो याइतकेच, खुर्चीवरचा माणूस समोरच्याशी कसा वागतो हेही त्यांनी सरकारचेच काम मानले. 1920 साली अस्पृश्य समाजातील तरुणांना वकिलीच्या सनदा दिल्या, आणि त्याच वर्षीच्या मार्च महिन्यात माणगावच्या परिषदेत तरुण भीमराव आंबेडकरांच्या शेजारी बसून, तुमचा पुढारी हाच, असे आपल्या रयतेला सांगितले.

6 मे 1922 रोजी मुंबईत महाराजांचे निधन झाले. वय अवघे 47. मद्रास प्रांतात त्यापूर्वी वर्षभरच, 1921 साली, सरकारी जागा निरनिराळ्या समाजांत वाटण्याचा आदेश निघाला होता. कोल्हापूरच्या हुकुमानंतर एकोणीस वर्षांनी. आंबेडकरांच्या अध्यक्षतेखालील समितीने मसुदा केलेल्या भारताच्या संविधानात 16 व्या अनुच्छेदाच्या चौथ्या कलमाने मागासवर्गांसाठी नोकऱ्यांत जागा राखण्याचा अधिकार राज्याला मिळाला, तो 1950 सालापासून. कोल्हापुरातील दसरा चौकात मुस्लिम बोर्डिंगची इमारत आजही आहे, आणि त्याच चौकात महाराजांचा पुतळा उभा आहे.