कुलूप बनविणाऱ्याचा मुलगा : जॉर्ज ओहम

विद्यार्थी मित्रांनो, विजेचा रोध तुम्ही 'ओहम'मध्ये मोजता. हे नाव एका शाळामास्तरचे आहे.

जॉर्ज सायमन ओहम यांचा जन्म १६ मार्च १७८९ रोजी आजच्या जर्मनीतील एर्लांगेन गावी झाला. वडील कुलपे बनविणारे कारागीर. त्यांना शाळेचे शिक्षण लाभले नव्हते. पण ते स्वतः गणित शिकले आणि मुलांनाही त्यांनीच शिकविले. जॉर्ज दहा वर्षांचा असता आई वारली.

१८१७ पासून ओहम कोलोनच्या शाळेत शिकवू लागले. तेथेच त्यांनी विजेचे प्रयोग केले. घटाचा जोर टिकेना, म्हणून तांबे व बिस्मथ यांचा एक सांधा उकळत्या पाण्यात व दुसरा बर्फात ठेवून त्यांनी स्थिर दाब मिळविला. १८२७ साली त्यांचा ग्रंथ निघाला. तापमान कायम असता तारेतील प्रवाह दाबाच्या प्रमाणात वाढतो, हा त्यांचा नियम. म्हणून दाबाला प्रवाहाने भागले की रोध मिळतो. २३० व्होल्टवर ५ अँपिअर घेणाऱ्या इस्त्रीचा रोध ४६ ओहम. हेच दोन आकडे गुणा; शक्ती निघेल ११५० वॅट.

मायदेशी ग्रंथाची उपेक्षा झाली. ओहमनी नोकरी सोडली. १८३३ मध्ये न्यूरेंबर्गला जागा मिळाली. १८४१ साली लंडनच्या रॉयल सोसायटीने कोप्ली पदक दिले. म्युनिक विद्यापीठात प्राध्यापकपद मिळाले ते १८५२ मध्ये. १८५४ साली ते निवर्तले. १८८१ च्या पॅरिस परिषदेने रोधाच्या एककासाठी त्यांचे नाव स्वीकारले.

पालकहो, त्या कारागिराने मुलांना इस्टेट दिली नाही. कामातून वेळ काढून तालीम दिली. तेवढे आपल्यालाही देता येईल.