करकोच्यांचा शिष्य

जर्मनीच्या उत्तर भागात आंक्लाम नावाचे एक लहानसे शहर आहे. एकोणिसाव्या शतकात ह्या शहराच्या भोवती ओलसर कुरणे पसरलेली होती. बेडकांची तेथे वाण नव्हती. त्यामुळे दर वसंत ऋतूत करकोचे येत, घरांच्या छपरांवर घरटी बांधीत आणि हिवाळ्यापूर्वी पिलांसह दक्षिणेकडे निघून जात. ह्या शहरी 23 मे 1848 रोजी ओटो लिलिएन्थाल यांचा जन्म झाला.

ओटो आणि त्याचा धाकटा भाऊ गुस्टाव्ह ह्यांच्यात वर्षा-दीड वर्षाचेच अंतर होते. शाळा सुटली की दोघे कुरणात जात आणि करकोचे न्याहाळीत बसत. पक्ष्याच्या अगदी जवळ गेल्यास तो बिचकून उडे. परंतु उडताना तो नेहमी वाऱ्याच्या तोंडीच धावे. वारा मुलांकडून येत असला, तर तो बावरलेला पक्षी चक्क मुलांच्याच दिशेने झेपावे! शत्रूपासून पळायचे सोडून तो शत्रूकडे का येतो? वाऱ्याला सामोरे गेल्यानेच पंखांना आधार मिळत असला पाहिजे, हे त्या मुलांनी तेव्हाच ताडले.

मग त्यांनी लाकडाच्या पातळ फळ्यांचे पंख केले आणि ते हातांना बांधून टेकडीच्या उतारावरून धावण्यास आरंभ केला. हा उद्योग रात्री चाले, कारण दिवसा सोबती हसतील ही भीती होती. अर्थात् उड्डाण झाले नाही. 1861 साली वडील वारले. आईने कष्टाने मुलांना वाढविले. ओटो बर्लिन येथे यंत्रशास्त्र शिकू लागला, तरी पंखांचे वेड काही सुटले नाही. पायांनी चालविण्याचे एक फडफडणारे यंत्र दोघा भावांनी तयार केले. दोरीच्या दुसऱ्या टोकाला प्रतिभार बांधून पाहता असे दिसून आले, की सर्व शक्ती खर्चूनही माणूस आपले व यंत्राचे मिळून निम्मेच वजन उचलू शकतो. केवळ बळाने हे काम होणारे नव्हते. मग करकोच्याला ते कसे साधते? तो तर कित्येकदा पंख न हलविताही आकाशात तरंगतो.

ह्या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी लिलिएन्थाल यांनी जो मार्ग धरला, तो रोमहर्षक नव्हता, मोजमापाचा होता. त्यांनी एका उभ्या खांबाला आडवा दांडा बसविला. दांड्याच्या टोकांना निरनिराळ्या आकारांचे पृष्ठभाग लावून, वजनांच्या ओढीने तो दांडा गरगर फिरविला. प्रत्येक वेळी पृष्ठभागाचा कल थोडा बदलावयाचा आणि वर उचलणारा जोर किती, मागे खेचणारा विरोध किती, हे टिपून ठेवावयाचे. असे शेकडो आकडे गोळा झाले. 1874 साली त्यांना मोठे रहस्य गवसले. सपाट फळीपेक्षा किंचित बाक दिलेला पृष्ठभाग कितीतरी अधिक भार उचलतो! पंखाच्या रुंदीच्या सुमारे बाराव्या भागाइतका बाक असला, म्हणजे पुरे. पक्ष्याच्या पंखातही असाच बाक असतो. त्यावरून जाणारी हवा पृष्ठभागाला धरून वाहते आणि मागच्या कडेपाशी खाली वळते. हवा खाली ढकलली जाते, म्हणून पंख वर उचलला जातो. तिरप्या धरलेल्या सपाट फळीवर मात्र हवा पुढच्या कडेपाशीच फाटते, मागे भोवरे उठतात आणि बरीचशी शक्ती त्या भोवऱ्यांतच वाया जाते.

एवढा शोध लागूनही लिलिएन्थाल यांनी तो लगेच जाहीर केला नाही. पंधरा वर्षे ते पुनःपुन्हा पडताळे घेत राहिले. ह्या काळात उदरनिर्वाहही साधावयाचा होता. लहान कारखान्यांना परवडेल असे सुरक्षित बाष्पपात्र त्यांनी शोधून काढले आणि 1883 साली बर्लिनमध्ये स्वतःचा कारखाना काढला. पुढे आपल्या कामगारांना ते नफ्याचा चौथा हिस्सा वाटून देऊ लागले. त्या काळी असे करणारे मालक विरळाच. घराच्या बागेत त्यांनी करकोच्याची पिले पाळली होती. ती उडावयास कशी शिकतात, हे पाहण्यात त्यांचा फावला वेळ जाई. अखेर 1889 साली पक्ष्यांच्या उड्डाणावरील त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. लोकांनी त्याची फारशी दखल घेतली नाही.

आता पक्ष्याप्रमाणे प्रत्यक्ष उडून पाहणे उरले होते. त्यांच्यापूर्वी अनेकांनी पंख बांधून उंचावरून एकदम उडी टाकली होती आणि हातपाय मोडून घेतले होते. लिलिएन्थाल यांनी तसे केले नाही. मूल जसे पाऊल पाऊल टाकीत चालावयास शिकते, तसे त्यांनी केले. पंखांचा सांगाडा वेताप्रमाणे लवचिक अशा वाळुंजाच्या फोकांचा, वर सुती कापड ताणलेले आणि सर्वांचे वजन सुमारे 20 किलो. 1891 साली प्रथम बागेतील बुटक्या फळीवरून उड्या झाल्या. त्याच वर्षी डेर्विट्झ गावच्या उंचवट्यावरून ते सुमारे 25 मीटर तरंगत गेले. 1893 साली ऱ्हिनो येथील टेकड्यांवरून त्यांनी 250 मीटर अंतर गाठले. वारा कोणत्याही दिशेने आला तरी उडता यावे म्हणून 1894 साली बर्लिनजवळ लिश्टरफेल्ड येथे त्यांनी 15 मीटर उंचीची टेकडीच रचविली. लोक तेथे गर्दी करीत. मनुष्य हवेत तरंगत आहे अशी छायाचित्रे देशोदेशींच्या नियतकालिकांत झळकली. पाच वर्षांत त्यांनी दोन हजारांहून अधिक उड्डाणे केली.

मात्र एक अडचण राहिली होती. वारा बदलला की करकोचा पंखांची टोके वळवितो, शेपटी पसरतो. क्षणात त्याचा तोल सावरतो. लिलिएन्थाल यांच्या यंत्राचे पंख असे वळत नसत. ते कोपरांच्या आधाराने मधोमध लोंबकळत आणि कंबर व पाय इकडे-तिकडे झुलवून तोल सांभाळीत. साध्या वाऱ्यात हे जमे; एकाएकी झोत आला, तर शरीर हलवून हलवून हलविणार तरी किती? ही उणीव त्यांना ठाऊक होती. ते नवे उपाय शोधीतही होते.

9 ऑगस्ट 1896 हा रविवार होता. श्टोल्न गावाजवळच्या गोलेनबर्ग टेकडीवरून ते उडाले. मध्येच हवेच्या झोताने यंत्राचे तोंड वर उचलले गेले आणि ते जागच्या जागी थबकले. लिलिएन्थाल यांनी पाय पुढे झोकून त्याचे तोंड खाली आणण्याची शिकस्त केली; पण व्यर्थ! सुमारे 15 मीटर उंचीवरून ते जमिनीवर आदळले. पाठीचा कणा मोडला होता. दुसऱ्या दिवशी बर्लिन येथे त्यांचे निधन झाले. त्या वेळी त्यांचे वय 48 वर्षांचे होते.

ह्या अपघाताची वार्ता अमेरिकेतील डेटन शहरी विल्बर आणि ऑर्विल राइट ह्या दोघा सायकलदुरुस्ती करणाऱ्या भावांच्या वाचनात आली आणि त्यांचे जुने कुतूहल जागे झाले. त्यांनी लिलिएन्थाल यांचे आकडे आधाराला घेतले. पुढे ते स्वतः पडताळून पाहिले आणि जेथे जुळले नाहीत, तेथे नवी मोजमापे केली. त्यांनीही पक्षी न्याहाळले. पक्षी पंखांची टोके पिळून तोल राखतो, हे पाहून त्यांनी आपल्या यंत्राचे पंख तसेच पिळता येतील असे बनविले. 17 डिसेंबर 1903 रोजी त्यांचे इंजिन लावलेले विमान उडाले, तेव्हा त्याच्याही पंखांना बाक होता.

लिश्टरफेल्डची ती टेकडी अद्याप जागेवर आहे. 1932 साली तेथे लिलिएन्थाल यांचे स्मारक उभारण्यात आले.