विश्लेषण : मनोरुग्णांची जबाबदारी सरकारची, हे डोरोथिया डिक्स यांनी कसे पटवले?

मार्च १८४१. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या ईस्ट केंब्रिजच्या तुरुंगात ३८ वर्षांच्या शिक्षिका डोरोथिया डिक्स रविवारचे धर्मशिक्षण देण्यासाठी गेल्या. तिथे काही मनोरुग्ण महिला गुन्हेगारांबरोबर डांबलेल्या होत्या. कडाक्याच्या थंडीत त्यांच्या कोठडीत साधी शेगडीही नव्हती. डिक्स न्यायालयात गेल्या आणि शेगडी मिळाली.

पण प्रश्न एका तुरुंगाचा नव्हता. त्यांनी राज्यभरातील तुरुंग आणि निराधारगृहे पालथी घातली. साखळदंड, पिंजरे, तळघरे जे दिसले ते गावाच्या नावानिशी टिपले. १८४३ मध्ये हे निवेदन विधिमंडळापुढे आले. महिलांना तिथे बोलण्याची मुभा नसल्याने ते सॅम्युअल हाव यांनी मांडले. आरोप झाले, नोंदी खोट्या ठरवण्याचा प्रयत्न झाला. तरी वूस्टरच्या सरकारी रुग्णालयाच्या विस्ताराला मंजुरी मिळाली. न्यू जर्सीतील ट्रेंटनचे रुग्णालय १८४८ मध्ये सुरू झाले.

मोठा पराभव पुढे होता. मनोरुग्णांसाठी एक कोटी एकर केंद्रीय जमीन राखून ठेवणारे विधेयक १८५४ मध्ये काँग्रेसच्या दोन्ही सभागृहांत संमत झाले. राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन पिअर्स यांनी ते नाकारले. अशांची काळजी राज्यांनी घ्यावी, केंद्राने नव्हे, हा त्यांचा युक्तिवाद. खर्च कोणाचा, हा वाद तेव्हाही रुग्णाच्या आधी यायचा!

डिक्स यांनी उभारलेली रुग्णालये पुढे त्यांच्या हयातीतच खच्चून भरली. अखेरची वर्षे त्यांनी ट्रेंटनच्याच रुग्णालयातील खोल्यांत काढली. १८८७ मध्ये तिथेच त्यांचे निधन झाले.