सात जणींचा मोर्चा

मोर्चा म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर काय येतं? गर्दी, झेंडे, ट्रॅफिक जाम. १८ एप्रिल १९६६ ला मुंबईत विधानभवनावर जो मोर्चा गेला, त्यात होत्या फक्त सात बायका. सातही मुस्लिम. तोंडी तलाक बंद करा, बहुपत्नीत्व बंद करा, समान नागरी कायदा आणा, एवढंच त्यांचं म्हणणं. मोर्चा काढणारा होता ३३ वर्षांचा एक लेखक-पत्रकार, हमीद दलवाई.

चिपळूणजवळच्या मिरजोळीचे दलवाई राष्ट्र सेवा दलात घडले, अत्र्यांच्या 'मराठा'त नोकरीला होते. 'इंधन' ही त्यांची कादंबरी मिळाली तर जरूर वाचा. पण मला त्यांची खरी ओळख पटते ती त्यांच्या लग्नात. मेहरुन्निसांशी त्यांचा निकाह झाला आणि मग त्यांनी विशेष विवाह कायद्याखाली त्याच लग्नाची नोंदणीही केली. यात विशेष काय, असं वाटेल. तर या नोंदणीमुळे तीनदा तलाक म्हणून बायकोला घराबाहेर काढण्याची आणि दुसरी बायको करण्याची सोय नवऱ्याच्या हातून जाते. म्हणजे जो हक्क सोडा असं ते पुढे सगळ्यांना सांगणार होते, तो त्यांनी आधी स्वतः सोडला.

इस्लामने बाईला वारसाहक्क दिला, मेहर दिला, तेव्हा धर्मग्रंथाचा नीट अर्थ लावला की पुरे, असं म्हणणारे सुधारक तेव्हाही होते. दलवाईंना ते पटेना. ते नास्तिक होते. बाईचा हक्क ती माणूस आणि नागरिक आहे म्हणून, त्यासाठी आयत कशाला शोधायची, असा त्यांचा रोख. याची किंमत त्यांनी मोजली. समाजातले बरेच लोक दुरावले, धमक्या आल्या. उलट हिंदुत्ववाद्यांना त्यांचं अर्धंच बोलणं आवडायचं. हिंदू जातीयवादावर ते तितकेच तुटून पडत, ते सोयीने विसरलं जायचं. (आजही जातं.)

२२ मार्च १९७० ला पुण्यात त्यांनी मुस्लिम सत्यशोधक मंडळ काढलं. नावात जोतिराव फुले आहेतच. तलाक मिळालेल्या बायका तिथे येऊन बोलू लागल्या. दलवाईंना मात्र वेळ मिळाला नाही. मूत्रपिंडाच्या आजाराने ३ मे १९७७ ला ते गेले, जेमतेम ४४ वर्षांचे. त्यांच्या इच्छेप्रमाणे कुठलाही धार्मिक विधी न करता दहन झालं.

त्या सात जणींमध्ये मेहरुन्निसाही होत्या. पतीमागे त्यांनी मंडळाचं काम पुढे नेलं. जून २०१७ मध्ये त्या वारल्या. एका दमात दिलेला तिहेरी तलाक सुप्रीम कोर्टाने रद्द ठरवला, तो त्याच वर्षी २२ ऑगस्टला.