अकरावीच्या वयात घर सोडलेला पोरगा ते नांगरवाला: लक्ष्मणराव किर्लोस्करांची गोष्ट



मागच्या महिन्यात माझ्या मावसभावाचा लातूरहून फोन आला. तो अकरावी सायन्सला आहे, ट्यूशन एरियात रूम करून राहतो. दिवसभर फिजिक्स, केमिस्ट्री आणि टेस्ट सिरीज. पण वहीच्या मागच्या पानांवर त्याचं वेगळंच चालू असतं. पाठीवरचा फवारणी पंप खांद्याला रुतू नये म्हणून पट्टा कसा असावा, याची त्याने चार-पाच चित्रं काढली आहेत. घाबरत घाबरत त्याने विचारलं की दादा, बारावीनंतर प्रॉडक्ट डिझाइन शिकलं तर चालेल का, की वाया जाईन? घरी अजून सांगितलेलं नव्हतं.

मला लगेच उत्तर देता आलं नाही. कारण मी पण त्याच रस्त्याने गेलोय. आमचं गाव अहमदपूर तालुक्यात. शाळेत चित्रकलेच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या दोन्ही परीक्षा दिल्या, त्याचे वाढीव मार्क दहावीला मिळाले आणि रंगपेटी कायमची माळ्यावर गेली. अकरावी-बारावीला बायोलॉजी सोडून बायफोकल इलेक्ट्रॉनिक्स घेतलं, ते पण मार्क चांगले पडतात म्हणून. प्रॅक्टिकल म्हणजे सीनियरची जर्नल उतरवून काढणं. पुढे नांदेडला इंजिनिअरिंग केलं. डिग्री मिळाली, पण तोपर्यंत कुणाच्या उपयोगाची एकही वस्तू स्वतःच्या हाताने बनवली नव्हती.

म्हणून भावाला सल्ला देण्याऐवजी मी एका माणसाची गोष्ट सांगितली. त्यांचं आडनाव तुम्ही वावरातल्या पंपावर शंभर वेळा वाचलं असेल.

सोळाव्या वर्षीचा निर्णय

लक्ष्मण काशिनाथ किर्लोस्कर यांचा जन्म २० जून १८६९ चा, बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूर गावचा. वडील वेदान्ताचे अभ्यासक. लक्ष्मणचं मन मात्र शाळेच्या पुस्तकांत रमत नव्हतं. त्याला दोनच गोष्टी आवडायच्या: चित्रं काढणं आणि यंत्रं.

१८८५ मध्ये त्याने मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टला जायचं ठरवलं. तेव्हा तो सोळा वर्षांचा होता, म्हणजे आज जे वय अकरावीचं तेच. वडिलांना हे पसंत नव्हतं. मोठे भाऊ रामूअण्णा मात्र पाठीशी उभे राहिले आणि त्यांनी खर्च उचलला. हा रामूअण्णा लक्षात ठेवा, शेवटी परत लागणार आहे.

चित्रकाराला रंगच कळेनात

दोन वर्षं चित्रकला शिकल्यावर लक्षात आलं की लक्ष्मणला काही रंगांमधला फरक नीट दिसत नाही. म्हणजे अंशतः रंगांधळेपणा. चित्रकार व्हायला निघालेल्या मुलासाठी हा केवढा मोठा धक्का!

इथे थोडं टेक्निकल सांगतो. आपल्या डोळ्यात रंग ओळखणाऱ्या तीन प्रकारच्या पेशी असतात. त्यातला एक प्रकार नसला किंवा वेगळं काम करत असला की काही रंग सारखेच वाटायला लागतात. लाल-हिरव्याचा घोळ सगळ्यात जास्त आढळतो. हे मला पुस्तकातून नाही, कामातून कळलं. आम्ही अडत दुकानांसाठी एक अ‍ॅप बनवलं होतं. बाकी असेल तर लाल ठिपका, हिशोब मिटला तर हिरवा. लातूरच्या मोंढ्यात एका मुनीमजींच्या हातात फोन दिला, तर त्यांना दोन्ही ठिपके एकसारखेच दिसत होते. आमच्या ऑफिसात हे कुणाच्याच डोक्यात आलं नव्हतं. मग आम्ही ठिपक्याशेजारी शब्द लिहिले. तुमच्या फोनमध्ये पण अ‍ॅक्सेसिबिलिटी सेटिंगमध्ये रंग बदलून दाखवायची सोय असते, एकदा उघडून बघा.

लक्ष्मणकडे असली कुठलीच सोय नव्हती. त्याने रंग सोडले, पण रेघ सोडली नाही. यंत्रांची चित्रं काढायला, म्हणजे मेकॅनिकल ड्रॉइंगला, रंग लागत नाहीत. तो तेच शिकत राहिला.

व्हीजेटीआयचे मास्तर

आज आपण ज्या व्हीजेटीआयचा कटऑफ बघून सुस्कारा टाकतो, ते कॉलेज १८८७ मध्ये व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट या नावाने सुरू झालं. तिथे लक्ष्मणरावांना मेकॅनिकल ड्रॉइंगचे सहायक शिक्षक म्हणून नोकरी लागली. पगार महिना ४५ रुपये. इंजिनिअरिंगची डिग्री नाही, आणि शिकवत होते इंजिनिअर होणाऱ्या पोरांना!

खरं शिक्षण झालं ते तास संपल्यावर. मोकळा वेळ ते संस्थेच्या वर्कशॉपमध्ये घालवायचे. यंत्र खोलायचं, कोणता भाग कशाला आहे ते बघायचं आणि परत जोडायचं. पुढे बढतीच्या वेळी त्यांना डावलून एका अँग्लो-इंडियन माणसाला ती जागा दिली गेली. लक्ष्मणरावांनी नोकरी सोडली आणि ते बेळगावला आले. तिथे रामूअण्णांसोबत त्यांचं सायकलचं दुकान होतं.

दोन वर्षं न खपलेला नांगर

बेळगावात त्यांनी कडबा कापायचं यंत्र बनवलं, ज्याला आपण कडबाकुट्टी म्हणतो. मग लोखंडी नांगर हातात घेतला. लाकडी नांगर जमीन नुसती उकरतो. लोखंडी नांगर माती कापून पलटी करतो, त्यामुळे हरळी, कुंदा मुळासकट वर येतात. काळ्या रानात हे किती मोठं काम आहे ते मराठवाड्यातल्या लेकरांना सांगायला नको.

वस्तू चांगली होती, पण घेणार कोण? लोखंडाने जमीन विषारी होते अशी शेतकऱ्यांची समजूत होती. पहिले नांगर विकायला दोन वर्षं लागली. विचार करा, आज एखादं अ‍ॅप दोन महिने चाललं नाही तर कंपन्या ते बंद करतात.

मला वाटतं प्रॉडक्ट डिझाइनचा खरा धडा इथेच आहे. वस्तू कागदावर बरोबर असून भागत नाही. वापरणाऱ्याची सवय, त्याची भीती, त्याचा खिसा, हे सगळं डिझाइनमध्येच येतं. शेतकऱ्याला अडाणी म्हणून मोकळं होणं सोपं होतं. लक्ष्मणरावांनी तसं केलं नाही, ते नांगर बनवत राहिले.

निवडुंगाच्या माळावर कारखाना

पुढे बेळगावातली जागा सोडायची वेळ आली. तेव्हा औंध संस्थानचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी मदतीला आले. त्यांनी कुंडल रोड स्टेशनजवळ ३२ एकर माळ दिला आणि भांडवलासाठी पैसेही दिले. तिथे निवडुंग आणि सापच जास्त. १० मार्च १९१० ला तिथे किर्लोस्करवाडीची सुरुवात झाली. आज हे गाव सांगली जिल्ह्यात आहे.

पहिल्या महायुद्धात परदेशातून येणारं लोखंड मिळेना. तेव्हा कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी जुन्या तोफा दिल्या आणि त्या वितळवून नांगर झाले. पुढे उसाचे चरक, भुईमुगाच्या शेंगा फोडायचं यंत्र, हातपंप अशा वस्तू निघत गेल्या. सगळ्या शेतकऱ्याच्या कामाच्या. २६ सप्टेंबर १९५६ ला लक्ष्मणराव गेले. १९६९ मध्ये, त्यांच्या जन्मशताब्दीला, पोस्टाने त्यांचं तिकीट काढलं. आणि त्याच वर्षी आयआयटी मुंबईत इंडस्ट्रियल डिझाइन सेंटर सुरू झालं!

मग भावाला काय सांगितलं?

आता रस्ता लक्ष्मणरावांच्या वेळेपेक्षा मोकळा आहे. बारावीनंतर यूसीड ही परीक्षा देऊन आयआयटीत डिझाइनची डिग्री घेता येते. सायन्स, कॉमर्स, आर्ट्स, कोणतीही शाखा चालते, आणि परीक्षेत चित्र काढण्याचाही भाग असतो. अहमदाबादच्या एनआयडीची परीक्षा वेगळी असते. सीट कमी आहेत, कॉम्पिटिशन भरपूर आहे, हे पण त्याला स्पष्ट सांगितलं. नंबर नाही लागला तरी हाताने बनवायची सवय वाया जात नाही, हे मी आता रोज कामात बघतो.

आणि एक काम दिलं. त्या पट्ट्याचं चित्र पुरे झालं. जुन्या कापडाचा आणि फोमचा एक खरा पट्टा शीव, काकांच्या पंपाला लाव आणि त्यांना एक एकर फवारू दे. त्यांनी नावं ठेवली की ती लिहून घे. मग दुसरा शीव.

घरी सांगायची हिंमत त्याला अजून होत नाहीये. दिवाळीत गावी गेलो की मावशी आणि काकांसमोर मीच विषय काढणार आहे. लक्ष्मणरावांना रामूअण्णा होते, याच्याकडे निदान मी तरी आहे. तुमच्या घरात असं कुणी वहीच्या मागच्या पानावर काही काढत असेल, तर ते पान एकदा मागून बघा.